मागची फळी

मला धीर नाही. लिफ्ट यायला वेळ लागला की मी जिन्याने जाते आणि वर पोचल्यावर लिफ्टच्या नावाने बोटं मोडते. त्यामुळे ही हकीकत आम्हाला जशी कळत गेली तशी सावकाश सांगणं मला जमायचं नाही. मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. गेलं वर्षभर आमचं घर दर रविवारी एक जुनी फायबरग्लासची मोटरबोट दुरुस्त करत होतं. मी, माझा धाकटा भाऊ आणि आई, आम्ही तिघं ती पुन्हा तरंगावी म्हणून राबत होतो. आणि ज्यांनी ती हौसेने आणली ते बाबा मात्र मनातल्या मनात ती कुजलेली निघावी म्हणून वाट बघत होते.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, धरणांत किती गाळ साठलाय ते मोजण्याच्या कामावर. मी सातवीत जाईपर्यंत आम्ही विदर्भातल्या एका धरणावरच्या वसाहतीत राहायचो. तिथे खात्याची सोळा फुटी बोट होती, मागे मोटर अडकवायची, आणि ती चालवायला रोजंदारीवरचा एक नावाडी होता. बाबांची दिल्लीला बदली झाली त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी ती बोट निकालात काढायचा कागद फिरवला, कारण त्यांना नवी हवी होती. कागदावर लिहिलं होतं: प्रत्यक्ष पाहणी केली, मागची फळी पूर्ण कुजलेली, दुरुस्ती परवडणार नाही. मागची फळी म्हणजे बोटीच्या शेवटाला असते ती जाड आडवी फळी. मोटरचं सगळं ओझं तिच्यावर. ती गेली की बोट गेली. बाबांनी बोट न बघताच त्या कागदावर सही केली. बोटीबरोबर नावाड्याचं कामही गेलं. त्यानंतर बावीस वर्षं बाबांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की आपण ज्यावर सही केली ते निदान खरं तरी होतं का.

हे सगळं त्यांनी पोटात ठेवलं होतं. आम्हाला दिसत होता तो फक्त पायाला भिंगरी लागलेला एक निवृत्त माणूस. मी केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला आहे; दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात माझ्या नावावर सरकारी क्वार्टर आहे, तिथे आई-बाबा माझ्याजवळ राहतात. बाबा दिवसातून चार वेळा दूध आणायला जायचे. दूध एकदाच आणायचे, बाकीच्या तीन वेळा नुसतेच जाऊन यायचे. मी चिडायचे, "बाबा, जरा बसा ना एका जागी." आई म्हणायची, "तू कोणाची मुलगी आहेस ते बघ आधी."

मागच्या फेब्रुवारीत पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी ते खात्याच्या दिल्लीतल्या भांडारात गेले. निकालात निघालेल्या वस्तू देशभरातून तिथे येऊन लिलावाची वाट बघत पडतात. पत्र्याच्या शेडखाली त्यांना एक बोट पालथी दिसली, आणि तिच्या कडेला अर्धवट पुसलेला नंबर. तोच. बावीस वर्षांत तिचा लिलाव झाला नव्हता आणि आता होणार होता. भंगारवाल्याने तो सगळा ढीग उचलला, आणि भंगारवाल्याकडून बोट बाबांनी. घरी येऊन त्यांनी फक्त एवढं सांगितलं, "आपली धरणावरची बोट मिळाली. दुरुस्त करू या सगळ्यांनी मिळून."

"लोक रिटायर झाल्यावर गावाकडे घर बांधतात," आई म्हणाली. "ह्यांनी भंगार आणलं."

बोट ठेवायची कुठे हा प्रश्न भावाने सोडवला. तो दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे आणि जवळच्या गावात भाड्याने राहतो. घराला मागे अंगण आहे आणि पत्र्याचं छप्पर. शिवाय रेझिन आणि फायबर हा त्याचा रोजचाच धंदा. तो खूश झाला. एरवी आम्ही त्याच्याकडे दिवाळीलासुद्धा जात नाही, तोच येतो. आता दर रविवारी आम्ही जाणार होतो.

मग ते रविवार सुरू झाले. बाबा सकाळी सहाला बूट घालून दारात. "चलो, चलो, नंतर ट्रॅफिक लागेल." आई विहारातली रविवारची वंदना बुडते म्हणून कुरकुरत डबा भरायची. गाडी मी चालवायचे. टोल नाक्यावर रांग दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मानेसर येईपर्यंत मी अर्ध्या हरियाणाशी भांडून झालेली असायचे.

काम म्हणजे आधी घासणं. जुना पापुद्रा निघेपर्यंत घासायचं, मग पुन्हा घासायचं. फायबरग्लासची धूळ अंगात शिरली की जी खाज सुटते तिला तोड नाही. भावाने सांगितलं होतं, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मनगटाला टेप लावा, घरी गेल्यावर गार पाण्याने अंघोळ करा. सगळं केलं तरी मंगळवारपर्यंत मनगटं चुरचुरायची. एका बैठकीत सचिव बोलत असताना मी टेबलाखाली हात खाजवत होते. शेजारच्या सहकाऱ्याने चिठ्ठी सरकवली, "आर यू ओके?" त्याला काय सांगणार, की मॅडम सुट्टीच्या दिवशी बोट घासतात आणि दिल्लीत ती चालवायला पाणी कुठलं आहे हे मॅडमना माहीत नाही.

खरंच, पाणी कुठलं हे आम्ही कोणीच धड विचारलं नव्हतं. भाऊ म्हणायचा, दमदमा तलावावर परवानगी काढू. त्याला चप्पू चालवायची हौस होती. तो दिल्लीत वाढला, वल्हं हा शब्द त्याला बाबांनी त्या अंगणात शिकवला.

मे महिन्यात आम्ही तळाला फायबरचे नवे थर द्यायला घेतले. तिलक बाजारातून फायबर चिकटवायचं रेझिन आणलं होतं. त्यात कडक होण्यासाठी दुसरं एक द्रव्य थेंब मोजून घालतात. भावाने कारखान्यातलं प्रमाण घेतलं. कारखान्यात एसी आहे आणि इथे पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश आहेत, हे त्याच्या लक्षातच राहिलं नाही. मी ब्रश बुडवून पहिला हात मारला तोवर बादली गरम झाली, मग तिच्यातून धूर निघायला लागला. भाऊ ओरडला, "ताई, सोड, सोड!" आणि लाथ मारून त्याने बादली अंगणात उडवली. पाच मिनिटांत तिचा दगड झाला, आत ब्रश उभाच्या उभा. मी त्याला इतकं बोलले की शेजारची जाटीण भिंतीवरून डोकावून बघायला लागली. बाबा मात्र शांत होते. म्हणाले, "राहू दे. घाई कशाला? पुढच्या रविवारी करू."

हे मला समजत नव्हतं. जो माणूस सहाला बूट घालून निघतो, तो इथे आल्यावर घाई कशाला म्हणतो! बाबांची रीत अशी, की बोटीच्या पुढच्या टोकाकडचं काम हिरिरीने करायचं आणि मागे आलं की काहीतरी निमित्त काढायचं. भाऊ पहिल्या दिवसापासून सांगत होता, "बाबा, आधी मागची फळी तपासू. आतून छोटं भोक पाडायचं. काळा ओला भुसा निघाला तर लाकूड गेलं, पांढरा कोरडा निघाला तर ठीक. फळी गेली असेल तर बाकीची मेहनत बेकार आहे यार."

"बघू. आधी तळ होऊ दे."

तळ झाला. मग आधी बाकं होऊ दे. बाकं झाली. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने काही वाळेना, म्हणून दोन महिने तेही निमित्त पुरलं. ऑक्टोबरात बाबा म्हणाले, आधी रंग ठरवू या. मला आता कळतं की त्यांचं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. फळी कुजलेली निघाली तर सुटका, पण नाही निघाली तर? हे कळून घ्यायला ते बोट घेऊन आले आणि कळायची वेळ आली की पाय मागे घेत होते.

मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. रंगाचं कार्ड त्यांनी पुढे केलं आणि माझा ताबा सुटला. "रंग? आठ महिने झाले बाबा! ज्याच्यावर मोटर बसणार ते लाकूड आहे की चिखल हे माहीत नाही आणि आपण रंग ठरवतोय?" भावाचं ड्रिल बाकावर पडलं होतं. ते मी उचललं आणि बोटीत चढले. बाबा म्हणाले, "थांब." मी थांबले नाही. बाबांचं ऐकून मी आयुष्यात कधी थांबलेय?

फळीच्या आतल्या बाजूला मी ड्रिल टेकवून दाबलं. फायबर कुरकुरला, मग लाकूड लागलं. भुसा माझ्या हातावर पडला. पांढरा, कोरडा, नव्या पाटासारखा वास येणारा. मी दुसरं भोक पाडलं, खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी आधी शिरतं. तेच. तिसरं, तेच.

भाऊ उडी मारून आत आला. त्याने भुसा बोटांत चुरडून बघितला, मग मोबाइलचा टॉर्च लावून फळी जवळून न्याहाळली. "ताई, हे बघ. मोटरच्या बोल्टची भोकं बघ. प्रत्येक भोकात कोणीतरी कापड आणि डांबर ठासून वरून घासून सारखं केलंय. पाण्याचा एक थेंब आत जाऊ दिला नाही. हे सरकारी काम नाही, बिल्कुल नाही. कोणीतरी जीव लावून केलंय." तो आनंदाने मोठमोठ्याने बोलत होता. फळी बदलायचं दोन महिन्यांचं काम वाचलं होतं. मीही हसत होते. आईने बाहेरून विचारलं, "काय निघालं गं?" मी ओरडले, "एकदम टकाटक!"

बाबा अंगणातल्या खाटेवर धपकन बसले. आई धावली, तिला वाटलं उन्हाचा त्रास झाला. पाणी दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं. आणि मग त्यांनी सांगितलं, मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगून टाकलं ते सगळं. मध्ये मध्ये थांबून, आमच्याकडे न बघता.

"दोन किलोमीटरवर बोट होती," ते म्हणाले. "जाऊन यायला अर्धा तास लागला असता. सामानाचा ट्रक उभा होता, नागपूरहून संध्याकाळची गाडी होती. साहेब म्हणाले, अरे बघायचंय काय त्यात, जुनी आहे, कुजलीच असणार. मीही म्हटलं, कुजलीच असणार."

तो दिवस मला आठवतो. ट्रकपुढे ऑफिसची जीप उभी होती, आम्ही तिच्यात बसलो होतो, आणि बाबा ऑफिसातून बाहेर येत नव्हते. मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन हॉर्न वाजवत होते. एकदा नाही, सारखी. दिल्ली बघायची होती मला. हे बाबा बोलले नाहीत, कधी बोलणारही नाहीत. मीच त्या अंगणात पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. बाबा म्हणाले, "तू बारा वर्षांची होतीस. मी पंचेचाळीस."

आई बोलली ती आवाज न चढवता. "इतकी वर्षं दर रविवारी चौथं शील म्हणत होता ना तुम्ही? खोटं बोलणार नाही म्हणून? माझ्या शेजारी बसून?"

"म्हणूनच तर," बाबा म्हणाले. "कुजलेली निघाली असती तर निदान खोटं झालं नसतं."

"झालंच असतं," मी म्हणाले. "न बघता बघितलं म्हणालात ना." हे बोलायची काही गरज नव्हती. पण माझी जीभ हातापेक्षाही अधीर आहे. बाबांनी मान हलवली, आणि मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही मानेसरला गेलो नाही. बाबा दूध आणायलाही जाईनात. ज्या माणसाला बस म्हणून मी इतकी वर्षं ओरडत होते, तो आता नुसता बसून राहिला, आणि ते मला त्या फिरण्यापेक्षा शंभरपट असह्य झालं. मीच नागपूरच्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यामागे लागले. त्याने कोणाला तरी, त्याने आणखी कोणाला विचारलं आणि नावाड्याच्या मुलीचा नंबर मिळाला. बाबा म्हणाले, "त्याने ओळखलं नाही तर?" मी म्हटलं, "आणि ओळखलं तर? तुम्हाला खरी भीती त्याची आहे." एका रविवारी भाऊही घरी आला होता तेव्हा नंबर मी लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"कोन बोलून राह्यलं?"

मुलीने फोन नावाड्याकडेच दिला होता. बाबांनी नाव सांगितलं. मग, "सायेब! दिल्लीवाले सायेब! तब्येत बरी हाय ना?"

बाबांनी तब्येत बरी आहे म्हटलं नाही. सरळ सांगितलं, की तो डोंगा माझ्याकडे आहे, त्याची फळी शाबूत आहे, आणि कुजलीय अशा कागदावर मी सही केली होती, न बघता.

"शाबूतच होती," नावाडी म्हणाला. "मले मालूम नाही का? मीच त तिले सांभाळली." मग थांबून म्हणाला, "त्या दिवशी तुमी पाहाले येनार मनून सांगितलं होतं ऑफिसातून. मी डोंगा धुऊन, पुसून काठाले लावून ठेवला. तुमी खाली वाकून पाहान मनून मोटर बी काढून ठेवली. सांज होयेपर्यंत बसलो तिथं."

आईने पदर तोंडाला लावला. भाऊ उठून गॅलरीत गेला.

"मग काय केलंत तुम्ही?" बाबांनी विचारलं. "नंतर?"

"काय करतो? बांधावर गेलो, जाळे ईनले. पोरीचं लगन झालं. चाललं." तो अगदी सहज बोलत होता. मग आवाज जरा बदलला. "एकच हाय सायेब. गावात लोकं मनले, यानंच डोंगा कुजवला. पेऊन पडून राह्यत असन, मनून कामावरून काढला. मी त हातबी लावला नाही दारूले. पन सरकारी कागदावर कुजला मनून लिहेलं, त मी कोनाले सांगू? आजबी बोलतात, हासून हासून." आणि मग, जसं काही शेजाऱ्याकडे विळा मागावा तसं, "तेवढं लिहून द्यान का सायेब? फळी चांगली होती मनून?"

बाबांनी त्याच दुपारी लिहिलं. भाऊ म्हणाला स्पीड पोस्टने पाठवू, दोन दिवसांत पोचेल. बाबा म्हणाले, "नाही. पाहणीला गेलो नव्हतो. आता जातो." मी रजा टाकली. मंत्रालयात त्या आठवड्यात सगळ्यांचीच धावपळ होती. मला माझ्या वरिष्ठांनी ऐकवलं आणि मी मुकाट्याने ऐकून घेतलं, हे माझ्या बाबतीत नवलच.

नागपूरपासून बसने तीन तास, पुढे रिक्षा. नावाडी दारातच उभा होता. मला आठवत होता त्यापेक्षा अर्धा झाला होता, डोळ्यांवर जाड चष्मा. बाबा त्याच्या पाया पडायला वाकले, त्याने त्यांना खांद्याला धरून अडवलं. चहा झाला. बाबांनी कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"मले वाचता येत नाही सायेब. तुमीच वाचा. पन इथं नोका वाचू." तो उठला. "चौकात चला."

चौकात पिंपळाच्या पारावर आणि चहाच्या टपरीपुढे पंधरा-वीस माणसं होती. नावाड्याने कोणाला हाक मारली नाही, नुसता जाऊन मध्ये उभा राहिला, आणि दिल्लीचा साहेब बरोबर आहे म्हणून माणसं आपोआप उठून जवळ आली. बाबांनी वाचलं. मी पाहणी केली असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. मी पाहणी केली नव्हती. फळी शाबूत होती आणि आजही आहे. या माणसाने ती जिवापाड सांभाळली होती. त्याचं काम गेलं ते माझ्या चुकीने गेलं, त्याच्या नाही. खाली सही आणि तारीख.

एकाने खाली बघितलं, एक टपरीकडे सरकला. मला वाटलं, झालं आता, बाबांना धरावं आणि निघावं. माझे पाय तर केव्हाच निघाले होते. मी बाबांच्या कोपराला हात लावलासुद्धा.

नावाडी मात्र हलला नव्हता. तो मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघत होता, एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश. मग तो बाबांकडे वळला.

"आनखी एकडाव वाचा सायेब," तो म्हणाला. "जरा मोठ्यानं. मागच्याईले आयकू नाही आलं."

मी कोपरावरचा हात काढला. बाबांनी कागद पुन्हा वर धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.